शनवार तेली, घाण्याचा बैल आणि शब्बाथ

सुरसागर | रविवार, सकाळी १०:४०

मंडळी, नमस्कार.

बडोद्याजवळच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं पाळीत काम केलं. फर्स्ट, सेकंड, नाइट. सतत चालणाऱ्या कारखान्यात आठवड्याची सुट्टी मिळते, पण ती एकट्याची असते आणि दर वेळी वेगळ्या वारी येते. या आठवड्यात मंगळवार, पुढच्यात बुधवार. मंगळवारी मी घरी असायचो तेव्हा मुलं शाळेत, सौ. बँकेत आणि दांडिया बाजारातले मित्र आपापल्या कामावर. मी झोपायचो, उठून जेवायचो, पुन्हा झोपायचो. शरीर उद्या परत उभं राहील इतकी झोप म्हणजे विश्रांती, अशीच माझी समजूत होती.

आमच्या खात्यात अलिबागकडचा एक जण होता. मराठी आमच्याहून चोख, आडनाव 'कर'ने संपणारं. तो आपला कोकणातलाच कुणीतरी, असं आम्ही धरून चाललो होतो. तो बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू आहे, हे कळायला वर्ष गेलं, आणि कळलं ते ड्यूटीच्या चार्टमुळे. शुक्रवारची सेकंड आणि शनिवारची कुठलीही पाळी तो बदलून घ्यायचा. त्या बदल्यात दिवाळीच्या रात्री, उत्तरायणाचा दिवस, गणपती विसर्जन, जे कुणालाच नको असायचं ते तो करायचा. असं त्याने नोकरी संपेपर्यंत केलं.

एकदा त्याने आम्हा उभयतांना शुक्रवारी संध्याकाळी घरी बोलावलं. सूर्य मावळायच्या थोडं आधी वहिनींनी दोन दिवे लावले, ज्योतींवरून हात आपल्याकडे वळवले आणि डोळे झाकून काहीतरी पुटपुटल्या. पेल्यात मनुकांचं सरबत होतं, कापडाखाली दोन पाव झाकलेले. जेवण साधंच, नारळाच्या रसातले मासे आणि भात. निघताना सवयीने मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर तो म्हणाला, "राहू दे. उद्या संध्याकाळपर्यंत जे चालू आहे ते चालू, जे बंद आहे ते बंद."

मी विचारलं, हे सगळं कशासाठी? थकवा घालवायचा तर कुठल्याही वारी झोपता येतं. त्याचं उत्तर मी तीस वर्षं बाळगून आहे. "थकव्याचा काही संबंध नाही रे. शनवारी आपलं सगळं काम पुरं झालंय असं धरायचं. झालेलं नसतं, तरी धरायचं."

तेव्हा मला ते पटलं नाही. पाळी सुटताना लॉगबुकात मी रोज काही ना काही अपुरं लिहून पुढच्याच्या हवाली करायचो. काम पुरं झालंय असं धरणं मला खोटेपणा वाटला.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता रोज सुट्टी आहे आणि विश्रांती कुठेच नाही. सकाळी उठल्यापासून हात काहीतरी शोधत असतात: फोन, बिलं, गच्चीतली टाकी, सोसायटीच्या बैठका. रात्री पाठ टेकताना वाटतं, आजचं राहिलंच. तो मित्र कुटुंबासह इस्रायलमधल्या अश्दोदला गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याला विचारायचं राहिलं ते मी वाचायला घेतलं.

उत्पत्तीच्या पुस्तकात 'पवित्र' हा शब्द पहिल्यांदा येतो तो डोंगराला, नदीला किंवा माणसाला लागून येत नाही, सातव्या दिवसाला लागून येतो. माणूस घडला सहाव्या दिवशी, म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस विश्रांतीचाच. त्याने अजून काहीच केलेलं नव्हतं. आधी कमवा आणि मग बसा, हे ज्या घरात मी वाढलो तिथे हा क्रम मला फार उलटा वाटला, आणि अजून मी त्याच्यापाशीच आहे.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. शब्बाथाची, म्हणजे शनिवारच्या या थांबण्याची, आज्ञा दोन्हीकडे आहे, कारणं मात्र वेगळी. 'निर्गम' या पुस्तकात म्हटलंय, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून तू थांब. 'अनुवाद' या पुस्तकात म्हटलंय, तू मिसर देशात गुलाम होतास हे आठव, म्हणून थांब, आणि तुझा दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, या सगळ्यांना थांबू दे. गुलामाला स्वतःचा दिवस नसतो. ज्याला थांबता येतं तो सुटला.

आता बैल. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शेमा ही मुख्य प्रार्थना सोडली तर बाकीच्या हिब्रू प्रार्थना विसरल्या होत्या, ग्रंथ हाताशी नव्हते. सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि हा एक वार मात्र कित्येक शतकं धरून ठेवला. आपल्या भाषेत 'घाण्याचा बैल' म्हणजे ज्याची फेरी कधीच संपत नाही तो. त्याच्या डोळ्यांना झापडं असतात, दिवसभर चालून तो पोचत कुठेच नाही. आणि याच भाषेत बोलणाऱ्या काही घरांमधला घाण्याचा बैल आठवड्यातून एक दिवस उभा असायचा. हे कळल्यापासून मला शनिवारी तो बैल दिसतो.

विचारायचं एवढंच: आपल्याकडे असं काही आहे का? नुसता उपास नव्हे, थांबणं. आणि कुणी पाळत असेल तर कसं पाळता?

---

रावपुरा_रोड | रविवार, सकाळी ११:१५

काका, शेवटच्या परिच्छेदाशी थांबलो. वाचतोय, लिहा अजून.

---

वेदपाठी | रविवार, दुपारी १:०२

अनध्याय. पाठशाळेत मी सहा वर्षं काढली. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना संथा, म्हणजे वेदपाठ, बंद. याखेरीज मेघगर्जना झाली, शिष्ट, म्हणजे विद्वान, मनुष्य घरी आला, गावात कुणी वारलं, तरी अनध्याय. सुंदरकांडात हनुमान अशोकवनातल्या सीतेचं वर्णन करताना म्हणतो, प्रतिपदेलाही अध्ययन करणाऱ्याची विद्या जशी क्षीण होते तशी ती कृश झाली आहे. म्हणजे न थांबता केलेलं अध्ययन विद्या वाढवत नाही, झिजवतं, ही समजूत तेव्हाही इतकी रुळलेली होती की कवीला तिची उपमा देता आली.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर अनध्याय अध्ययनापुरता. त्या दिवशी आम्ही विहिरीचं पाणी भरायचो, अंगण सारवायचो, गुरुजींची बाकीची कामं करायचो. तुम्ही म्हणता तसं दास-दासी-बैलासकट सगळं घर थांबणं त्यात नाही.

---

सई_बडोदा | रविवार, दुपारी ३:४७

काका, लेख मनापासून आवडला, म्हणून मनापासूनच विचारते. ते मासे कुणी केले? पाव कुणी भाजले? दिवे लावायच्या आधी घर कुणी आवरलं?

आत्ता दुपारचे पावणेचार झालेत आणि मी आज पहिल्यांदा बसले आहे. रविवारी घरात सगळ्यांची सुट्टी असते, म्हणून माझं काम दुप्पट असतं. सकाळी नाश्ता, "आज रविवार आहे, काहीतरी वेगळं कर", मग पाहुणे, मग आठवड्याचे कपडे. यात ऑफिसचा एखादा फोन येऊन जातोच. थांबायच्या दिवसाचं अध्यात्म मला हवंय, खूप हवंय. पण घरात एकाने थांबायचं म्हणजे दुसऱ्याने त्याच्यासाठी धावायचं, असंच मी बघत आले आहे.

आणि तुमची यादी मी तीनदा वाचली. दास, दासी, बैल, गाढव. बायको कुठे आहे त्यात?

---

रावपुरा_रोड | रविवार, दुपारी ४:१०

सईताईंच्या प्रश्नाला +१. माझी बायको शेजारी बसून वाचतेय, तिचाही +१.

---

सुरसागर | रविवार, सायंकाळी ६:३०

सई, मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "त्या वहिनी दुपारी दोनपासून स्वयंपाकघरात होत्या, मी तेव्हाच बघितलं होतं." मी बघितलं नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

कोकणची_तेलीण | सोमवार, सकाळी ७:२०

सुरसागरकाका, मी त्याच समाजातली. वडील अहमदाबादला नोकरीला होते, लहानपण खमासा गेटजवळच्या मागेन अब्राहाम सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, आसपास गेलं. १९३४ साली बांधलेलं, गुजरातेतलं एकुलतं एक. बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांना मोठ्या सणांना तिथेच यावं लागायचं. आज या नावाने सही करायला मला अभिमान वाटतो. माझ्या आजीला 'तेलीण' म्हणून हिणवलेलं तिने ऐकलं होतं, आणि तीच म्हणायची, त्यांनी आपल्याला कामावरून नाव दिलं नाही, काम बंद ठेवण्यावरून दिलं.

सई, तुझ्याशी बोलते. यादीत बायको नाही हे मीही लहानपणी विचारलं होतं. आमच्याकडे उत्तर असं देतात की 'तू' या शब्दात नवरा-बायको दोघंही आली. आज्ञा दोघांना सारखीच दिली आहे. उत्तराने तुझं समाधान होईल असं नाही, माझंही पूर्ण होत नाही. पण पुढचं ऐक.

शब्बाथला जी कामं वर्ज्य आहेत ती मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथात मोजून दिली आहेत, 'चाळीसला एक कमी', म्हणजे ३९. पहिली अकरा बघ: पेरणं, नांगरणं, कापणी, पेंढ्या बांधणं, मळणी, उफणणं, निवडणं, दळणं, चाळणं, कणीक मळणं, भाजणं. ही सगळी भाकरीची कामं आहेत. ज्यांनी ही यादी केली त्यांना घरात काम म्हणजे काय असतं ते ठाऊक होतं. निवडणंसुद्धा काम धरलंय! आपल्याकडे तांदूळ निवडत बसलेल्या बाईला लोक 'बसलीये' म्हणतात.

शुक्रवारचं ओझं मात्र खरं आहे, ते मी नाकारणार नाही. आई शुक्रवारी दुपारी चिडलेलीच असायची. पण तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या मोठ्या ग्रंथात, एक जागा आहे, ती मला आजोबांनी दाखवली. मोठमोठे आचार्य शब्बाथच्या तयारीसाठी स्वतः काय करायचे ते तिथे नावानिशी सांगितलंय. राव हिस्दा बीट चिरायचे. रब्बा आणि राव योसेफ लाकडं फोडायचे. राव पापा वाती वळायचे. घरात नोकरचाकर असणारी माणसं होती ती. दाखवून आजोबा उठले आणि कांदे चिरायला बसले. आमच्या घरात शुक्रवारचे कांदे पुरुषांनीच चिरायचे हे तिथून पडलं.

---

सई_बडोदा | सोमवार, सकाळी ९:०५

राव पापा वाती वळायचे.

ताई, हे मी नवऱ्याला पाठवलं आहे. दुसरं काही लिहिलं नाही, एवढंच.

---

कामगारपुत्र | सोमवार, रात्री १०:१८

मी परळचा, आता सासरवाडीमुळे निम्मा बडोद्याचा. रविवारची सुट्टी आकाशातून पडली असं आपण धरून चालतो, म्हणून लिहितो. मुंबईच्या गिरण्यांतल्या मजुरांना आठवड्याची सुट्टी नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि यंत्रं साफ करायला म्हणून सुट्टीच्या दिवशीही बोलावणं. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, यांनी १८८४ मध्ये मजुरांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या त्यांत पहिली रविवारची सुट्टी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने ती मान्य केली. सहा वर्षं लागली.

लोखंड्यांनी रविवार का मागितला यामागे एक कारण असं सांगतात की तो खंडोबाचा वार. साहेब चर्चला जातो, मजुराला जेजुरीच्या देवाचं नाव घेऊ द्या. मला यात काकांनी लिहिलेली अनुवादातली आज्ञाच दिसते. एकाला विश्रांती आणि दुसऱ्याला यंत्र पुसणं, असा दिवस पवित्र कसा होईल?

काकांच्या मंगळवार-बुधवारवरून एक गोष्ट आठवली. सोव्हिएत रशियात १९२९ मध्ये कारखाने एकही दिवस थांबू नयेत म्हणून सात दिवसांचा आठवडाच मोडला. पाच दिवसांचं चक्र केलं, प्रत्येक कामगाराला एक रंग दिला, त्या रंगाच्या दिवशी त्याची सुट्टी. हिशेबाने पाहिलं तर विश्रांती वाढली होती, सातऐवजी पाच दिवसांनी सुट्टी! पण नवऱ्याचा रंग वेगळा, बायकोचा वेगळा. घरी कुणी नसताना मिळालेली सुट्टी काय कामाची, असं लोक विचारू लागले. दोन वर्षांत चक्र बदलावं लागलं आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आला.

---

सुरसागर | मंगळवार, सकाळी ८:००

कामगारपुत्र, तुम्ही माझ्या चौतीस वर्षांना नाव दिलंत. माझा रंग वेगळा होता.

---

फतेगंजकर | मंगळवार, दुपारी २:३३

ख्रिस्ती घरातून थोडं. पहिल्या ख्रिस्ती मंडळीने येशूच्या पुनरुत्थानाचा म्हणून आठवड्याचा पहिला दिवस धरला. सन ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून हुकूम काढला, आणि शब्बाथचं बरंचसं वजन हळूहळू रविवारवर आलं. सगळ्यांनी ते मानलं नाही; सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट आजही शनिवारच पाळतात, पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे.

आता आतलं सांगतो. माझ्या लहानपणी रविवार म्हणजे 'नको'चा वार होता. क्रिकेट नको, पतंग नको, दुकानातून काही आणणं नको. शेजारची पोरं गच्चीवर, मी जिन्यात. वडिलांचा देव रविवारी फार कडक असायचा. बायबलमध्ये शब्बाथच्या दिवशी सरपण गोळा करणाऱ्याला दगडमार झाल्याची गोष्ट आहे, ती मी आठव्या वर्षी ऐकली आणि पुढची कित्येक वर्षं रविवारी काडी उचलायला घाबरलो. हे या धाग्यात नोंदलं जावं असं वाटतं. थांबणं भीतीने झालं तर ते थांबणं राहत नाही, ती नजरकैद होते.

मला सोडवलं ते मार्कच्या शुभवर्तमानातल्या एका वाक्याने. भुकेले शिष्य शेतातून जाताना कणसं तोडतात, परूशी, म्हणजे नियमांना कडक असलेले ज्यू, आक्षेप घेतात, तेव्हा येशू म्हणतो की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. वडील हेच वाक्य वाचून दाखवायचे. आवाज मात्र त्यांना ऐकू यायचा तो सरपणाच्या गोष्टीचा.

आता मी रविवारी दुपारी फोन कपाटात ठेवतो आणि बायकोबरोबर कमाटी बागेत जाऊन बसतो. एवढाच माझा शब्बाथ. वडील असते तर कमी म्हणाले असते.

---

ओटला | बुधवार, रात्री ९:५०

चर्चा चांगली आहे. मला फक्त एक खटकतं. आपल्याकडे खुद्द विष्णू आषाढी एकादशीला निजतो आणि कार्तिकीला उठतो. चार महिने! देवाच्या विश्रांतीची इतकी मोठी कल्पना घरात असताना आपण शेजारच्यांचा दिवा का आणायचा? शिवाय आमच्या पोळीतले, म्हणजे गल्लीतले, जैन शेजारी सामायिक करतात. ४८ मिनिटं, म्हणजे दोन घटका, एका आसनावर समभावात बसायचं. त्या वेळात पाप लागेल असं काही करायचं नाही. काकांना थांबणंच हवं असेल तर ते बडोद्यात पोळीपोळीत आहे.

---

सुरसागर | बुधवार, रात्री ११:०५

ओटला, तुमचं म्हणणं मानाने घेतो. दिवा शेजारचा म्हणाल तर तो मराठी घरात, मराठीत बोलत लावलेला मी पाहिला आहे, म्हणून मला तो परका वाटत नाही.

सामायिक मी जवळून पाहिलं आहे, ते फार मोठं साधन आहे. तुमच्यामुळे आणखी एक गोष्ट आठवली, आपल्याच गावची. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्याच्या नोकरीत होते. पुढे सुरतेच्या काँग्रेसनंतर, १९०८ च्या सुरुवातीला, ते बडोद्याला परत आले तेव्हा विष्णु भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याबरोबर एका खोलीत बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधी परतवा. तीन दिवसांत मन निःशब्द झालं, असं अरविंदांनी पुढे स्वतः लिहिलं आहे. त्यावेळी सगळा देश त्यांच्या भाषणांची वाट बघत होता. काम पुरं झालं म्हणून ते बसले नव्हते.

पण मी त्या उंचीचा माणूस नाही. ध्यानाला बसलो की मला लॉगबुक दिसतं. मला दाराबाहेरून कुणीतरी 'आता बंद' म्हणावं लागतं. शब्बाथात मला हे दिसतं की तो मनाच्या तयारीची वाट बघत नाही. सूर्य मावळला की आला. देवशयनीला देव निजतो, आपण उपास करतो, लग्नकार्यं थांबवतो, पण घाणा चालूच राहतो. माझा प्रश्न घाण्याचा आहे.

---

वेदपाठी | गुरुवार, सकाळी ६:१५

"सूर्य मावळला की आला" हे बरोबर पकडलंत. अनध्यायही तिथीने येतो, विद्यार्थ्याच्या इच्छेने नाही. सुट्टी आपण घेतो, आणि हा दिवस आपल्याला घेतो.

---

रात्रपाळी | शुक्रवार, सायंकाळी ६:५५

मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात. नाव गाव सांगत नाही. आज रात्री ड्यूटी आहे, उद्या रात्रीही. तुमच्या सगळ्यांचं वाचून छातीत काहीतरी अडकलं. आम्ही थांबलो तर माणूस मरतो. मग हा दिवस आमच्यासारख्यांसाठी नाहीच का? तेलीणताई, तुमच्याकडे काय सांगतात?

---

रावपुरा_रोड | शुक्रवार, रात्री ९:३०

ताई अजून आल्या नाहीत. एरवी लगेच उत्तर देतात.

---

सई_बडोदा | शुक्रवार, रात्री ९:४१

आज शुक्रवार आहे.

---

रावपुरा_रोड | शुक्रवार, रात्री ९:४३

अरे हो.

---

कोकणची_तेलीण | शनिवार, रात्री ८:२०

तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, त्याला निरोप द्यायची हवदाला झाली, आता लिहिते.

रात्रपाळी, तुझा प्रश्न मी आत्ता वाचला. तू काल रात्रभर याचं ओझं घेऊन फिरली असशील तर मला क्षमा कर. आमच्याकडे याचं उत्तर अगदी नि:संदिग्ध आहे: जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा. परवानगी आहे असं नव्हे, ते कर्तव्यच आहे. विचारत बसणाऱ्यालाही दोष लागतो. आजारी माणसासाठी विस्तव पेटवा, गाडी चालवा, काय लागेल ते करा. एका माणसासाठी एक शब्बाथ मोड, म्हणजे तो पुढे अनेक शब्बाथ पाळेल, असं म्हटलं आहे. काल रात्री तू कुणाचे शब्बाथ सांभाळत होतीस ते तुला ठाऊक नाही.

पण तू स्वतः कधी थांबतेस? ते तुझ्या आजूबाजूच्यांनी बघायचं आहे. आज्ञा त्यांच्यावर आहे.

हवदालेबद्दल दोन ओळी लिहिते, कारण अध्यात्म विचारलंत आणि मला ते नियमांत कमी आणि इथे जास्त भेटतं. शब्बाथला माणसाला एक जास्तीचा जीव मिळतो, असं आमच्याकडे मानतात. शनिवारी रात्री तो निघून जातो. जाताना मन कासावीस होतं, म्हणून सुगंधी काहीतरी हुंगायचं. आमच्या डबीत लवंगा आणि वेलची असते. आजी डबी फिरवताना प्रत्येकाच्या नाकाशी जरा जास्तच वेळ धरायची. आत्ता हे लिहिताना बोटांना लवंगेचा वास आहे.

काका, तुमच्या बैलाबद्दल. आमच्या घरात एक गोष्ट चालत आली आहे. पणजोबांच्या घरी नवा बैल आणला, दुसऱ्या गावचा, दुसऱ्यांच्या घाण्यावर मुरलेला. पहिल्या शनिवारी त्याला जुंपला नाही, झापडं काढली, अंगणात मोकळा सोडला. तर तो बैल तसाच गोल फिरायला लागला. घाणा नाही, जू नाही, रिकाम्या अंगणात गोल. पणजीला ते बघवेना. ती त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली, कपाळावर हात ठेवला आणि तो थांबेपर्यंत हलली नाही. असे पाच की सहा शनिवार तिने केलं म्हणतात. खरी की रचलेली, मला सांगता येणार नाही. आजी सांगायची तेव्हा पणजीच्या हाताची नक्कल करून दाखवायची.

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी ८:१०

ताई, घरी आले आणि वाचलं. झोपायच्या आधी एवढंच लिहिते: वाचून रडले, बरं वाटलं.

---

सुरसागर | रविवार, सकाळी ११:३०

तेलीणताई, रिकाम्या अंगणात गोल फिरणारा तो बैल मी आहे. निवृत्तीनंतरची माझी तीन वर्षं तुम्ही एका ओळीत लिहिलीत. काल रात्री सौ.ला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. पाणी प्यायला उठली, जाताना माझ्या कपाळावर हात ठेवून गेली.

परवा शुक्रवारी आम्ही सुरुवात केली, ती सांगतो. शब्बाथ म्हणायचा आम्हाला अधिकार नाही, त्यामुळे नाव दिलेलं नाही. दुपारी चारला मी कांदे चिरले, वाती वळल्या. वाती वळायला हात बसायला वेळ लागतो. पहिल्या दहा सुटल्या. सौ.ने खिचडी आणि कढी केली, दुसऱ्या दिवशीच्या दशम्याही करून ठेवल्या. सूर्य मावळताना देवापाशी दिवा लावला आणि दोन्ही फोन बंद करून पितळी डब्यात ठेवले.

रात्री साडेआठला मला टाकीचा कॉक आठवला. उठलो. ती म्हणाली, "भरली असेल किंवा नसेल." बसलो. छातीत धडधड होत होती, कॉकसाठी! चौतीस वर्षांत कुठल्या अलार्मला इतका घाबरलो नव्हतो. मग आम्ही ओट्यावर जाऊन बसलो. समोरच्या घरातली मुलगी सायकल शिकत होती, पडत होती, परत चढत होती. किती वेळ गेला ते बघायला घड्याळ नव्हतं.

शनिवारी सकाळी सिंकमध्ये कालच्या कपबशा तशाच होत्या. आम्ही दोघांनी त्या पाहिल्या आणि दशम्या घेऊन बाहेर आलो. सौ.ने दुपारपर्यंत पुस्तक वाचलं, मधे कुणी हाक मारली नाही. लग्नाला चाळीस वर्षं होतील, तिला दिवसाउजेडी सलग वाचताना मी पहिल्यांदा पाहिलं.

टाकी भरली नव्हती. काल संध्याकाळी दिवा लावल्यावर भरली.

---

सई_बडोदा | रविवार, दुपारी १२:१०

काका, वहिनी कुठलं पुस्तक वाचत होत्या?

आमच्याकडची बातमी: आज सकाळचे पोहे नवऱ्याने केले. मीठ विसरला. मी उठून आणून दिलं नाही, त्यानेच आणलं. तेलीणताई, एक विचारायचंय. पुढच्या शुक्रवारी रात्री कणीक मळून ठेवली आणि शनिवारी नुसत्या पोळ्या लाटल्या तर ते चालतं का, की तेही त्या अकरांत येतं?

---

कोकणची_तेलीण | रविवार, दुपारी १२:४५

भाजणं येतं ग, शेवटचंच आहे. शुक्रवारी दुपारीच दशम्या करून ठेव, काकूंसारख्या. आणि कणीक त्याला मळू दे.